मे महिन्यातलं अर्पण

मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, शाळा बंद होतात. विजय नगरातली कुटुंबं गावी गेली की चर्चमधली अर्पणाची पिशवीही हलकी होते. पाळकांचा पगार, झाडलोट थांबत नाही. पंख्यांचं वीजबिल तर वाढतंच.

उपाय जुना आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 16व्या अध्यायात पौल सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवा. मिझोरामच्या ख्रिस्ती बायका स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळे काढतात. 1910च्या सुमारास सुरू झालेली ही रीत आजही मंडळ्या पोसते. आपल्याकडे लिफाफा चालेल, किंवा बँकेतून दरमहा आपोआप जाणारी रक्कम. ती लहान असली तरी बिघडत नाही, खंड पडला की बिघडतं.

गावी निघण्याआधी सुटीतले लिफाफे खजिनदारांकडे देऊन जा.