पराभूत डावातून उरलेली ‘भारतीय’ सुरुवात

रायपूर : सप्टेंबर २०२२ मध्ये छत्तीसगड मुख्यमंत्री चषक आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर बुद्धिबळ स्पर्धा येथे मास्टर्स आणि चॅलेंजर्स अशा दोन गटांत खेळवली गेली. अशा स्पर्धांतील डावांच्या नोंदींत ‘किंग्ज इंडियन’, ‘निम्झो-इंडियन’ ही नावे नेहमी आढळतात. त्यांतील ‘इंडियन’ या शब्दाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील कोलकात्यात आहे.

देशी बुद्धिबळात सर्वसाधारणपणे प्याद्याला पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाता येई. त्यामुळे मध्यभाग प्रथम प्याद्यांनी व्यापण्याऐवजी उंट कोपऱ्यातील कर्णावर बसवून दुरून दाब देण्याची सवय येथील खेळाडूंना होती. महेशचंद्र बॅनर्जी यांनी हीच सवय युरोपीय नियमांच्या खेळात आणली. कोलकात्यात वकिली करणारे जॉन कॉक्रेन हे त्यांचे नेहमीचे प्रतिस्पर्धी.

मे १८५५ मधील एका डावात बॅनर्जींनी काळ्या मोहऱ्यांनी आधी घोडा बाहेर काढला, उंटासाठी वाट मोकळी केली आणि तिसऱ्या खेळीत वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सरकवले. पांढऱ्याला मध्यभागी प्याद्यांची भिंत उभारू द्यायची आणि मग कर्णावरील उंट व बाजूचे प्यादे यांच्या साहाय्याने तिच्यावर हल्ला चढवायचा, हे या पद्धतीचे मर्म होय.

तो डाव मात्र बॅनर्जी हरले. अठराव्या खेळीत कॉक्रेन यांच्या घोड्याने राजाच्या तटबंदीत शिरकाव केला आणि वजिराचा बळी देऊन तीन खेळ्यांत मात अटळ झाली. हा पराभव मध्यडावातील डावपेचांचा होता. सुरुवातीच्या कल्पनेत दोष नव्हता.

त्याचा प्रत्यय ६७ वर्षांनी आला. १९२२ मध्ये ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी व्हिएन्ना येथे हीच पद्धत वापरून, पुढे जगज्जेते झालेल्या अलेखाइन यांना हरवले. सुरुवात ‘ग्रुनफेल्ड बचाव’ या नावाने रूढ झाली. १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्ह यांनीही कार्पोव्ह यांच्याविरुद्ध तिचा अवलंब केला.

‘इंडियन’ या व्यापक नावात देशाची ओळख टिकली. खेळाडूचे नाव मात्र मागे पडले. निकालाच्या रकान्यात शून्य मिळालेल्या डावातही टिकाऊ विचार असू शकतो, हे नवोदित खेळाडूंनी आपल्या हरलेल्या डावांच्या नोंदी टाकून देण्यापूर्वी अवश्य आठवावे.