दिव्यांग मुलाचे शिक्षण: शाळेने हिशेब कोणाचा द्यायचा?

जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा काही पालक प्रवेश न मिळताच घरी परततात. मूल स्वमग्न आहे, वर्गात एका जागी बसत नाही, हाक मारली तरी पाहत नाही. "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही," एवढेच त्यांना सांगितले जाते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यातील शेतकरी किंवा मजूर यावर काय बोलणार? म्हणून कायदा काय सांगतो, हे पालकांनी व शाळा चालवणाऱ्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वाची नोंद होती; त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला व २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालके त्यातील वंचित घटकांत आली. तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकाला घरी राहून शिकण्याचा पर्यायही मिळाला. मात्र हा पर्याय बालकाच्या वतीने पालकांनी निवडायचा आहे, शाळेने लादायचा नाही. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्यात २१ प्रकार आहेत. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आता मुख्य मुद्दा उत्तरदायित्वाचा. आपल्याकडे शाळेची प्रतिष्ठा निकालाच्या टक्केवारीवर ठरते. त्यामुळे टक्का खाली आणील असे मूल शाळेला नकोसे होते. २०१६ च्या कायद्याची मोजपट्टी मात्र वेगळी आहे. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याची प्रगती आणि त्याने शिक्षण पूर्ण केले की नाही, यांवर लक्ष ठेवावे, असे तो सांगतो. म्हणजे हिशेब सरासरीचा नसून एकेका मुलाचा आहे. भेदभाव न करता प्रवेश, गरजेनुसार सोयी, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांचीही त्यात तरतूद आहे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तेव्हापासून या सोयींचे महत्त्व अधिकच वाढले आहे. त्या न देता मुलाला नापास ठरवणे हा अन्यायच होय.

आपल्या ख्रिस्ती शाळांविषयी एक गैरसमज दूर व्हावा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना २००९ च्या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यास सांगितले. परंतु ती सूट २००९ च्या कायद्यापुरती होती. २०१६ च्या कायद्यातील सर्वसमावेशक शिक्षणाची तरतूद शासनमान्य व अनुदानित अशा सर्वच शिक्षणसंस्थांना उद्देशून आहे. नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाचा शोध घेणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण मुलांना सांगतो. आपल्या शाळेच्या दारातून एखादे मूल परत जात असेल, तर त्या दाखल्याला काय अर्थ उरतो?

पालकांनी काय करावे? प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि नकार मिळाल्यास तोही लेखी मागावा. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळवावे. सवलतींसाठी ते लागते. पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून विशेष शिक्षकाची मदत मागावी. तेथे दाद न लागल्यास पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांनी अर्ज लिहून देण्याचे व कार्यालयात सोबत जाण्याचे काम अंगावर घेतले, तर कितीतरी पालकांचा धीर वाढेल.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. भरलेल्या वर्गात प्रशिक्षणाशिवाय असे मूल सांभाळणे सोपे नाही. परंतु त्यावरचा उपाय प्रशिक्षण व मदतनीस मागणे हा आहे. मुलाला दाराबाहेर ठेवणे हा नव्हे.