कोयत्याला मालक कोण?

बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूर, केजकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते तेलगाव. धारूर तालुक्यातले हे गाव. गावालगतच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री असलेल्या सुंदररावांचे नाव त्याला आहे. एका अंगाला सिंदफणेवरचे माजलगाव धरण आणि त्याच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस. दुसऱ्या अंगाला धारूरच्या घाटाने वर चढत जाणारा बालाघाटचा डोंगर, मुरमाड जमीन आणि बेभरवशाचा पाऊस. ओला मुलूख आणि कोरडा मुलूख या चौकात एकमेकांना भेटतात.

दिवाळीच्या आगेमागे इथे तासभर उभे राहिले, की एक विलक्षण दृश्य दिसते. उसाने भरलेली वाहने कारखान्याच्या दिशेने येत असतात, आणि डोंगराकडून उतरलेले ट्रक माणसांनी भरून पश्चिमेकडे निघालेले असतात. ट्रकमध्ये बांबू, ताडपत्री, बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, एखादी शेळी, आणि या साऱ्यावर बसलेली लेकरे. जायचे असते सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या जिल्ह्यांत, नाहीतर थेट कर्नाटकात. 'दाराशी कारखाना असताना एवढ्या लांब कशाला?' हा प्रश्न शहरातला माणूस हमखास विचारतो. मी तो एका मुकादमाला विचारला. 'तिकडं उचल जास्त भेटते, अन् पट्टा उशिरा पडतो, दादा,' तो म्हणाला. पट्टा पडणे म्हणजे हंगाम संपणे. आणि उचल म्हणजे काय, हे कळले की ऊसतोडीचा निम्मा व्यवहार कळतो.

पावसाळ्यात, घरात दाणा नसतो आणि लेकीचे लग्न किंवा आईचे दुखणे समोर असते तेव्हा, मुकादम पैसे देतो. ही उचल. ती पुढच्या सहा महिन्यांच्या घामावर फेडायची. घेणारा माणूस एकटा नसतो. 'एक कोयता' म्हणजे एक नवरा-बायको असा हिशेब असतो. एकटा गडी आला तर तो 'अर्धा कोयता'. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. जोडीचा दिवसाचा माल दीड ते दोन टन. एखादा दिवस आजारपणात गेला तर तो 'खाडा', आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. पट्टा पडला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या साली. अशी बाकी डोक्यावर घेऊन पुन्हा त्याच मुकादमाच्या ट्रकमध्ये चढणारी माणसे डोंगरपट्ट्यातल्या गावोगाव भेटतात.

आता या माणसांचा मालक कोण? शेतकरी म्हणतो, ऊस माझा, पण तोडणी कारखाना करतो. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. आणि मुकादम? तो बहुतेक वेळा काल-परवापर्यंत स्वतःच कोयता चालवणारा, त्याच वस्तीतला, कधी भावकीतलाच. उचल बुडाली तर त्याचेच शेत गहाण पडते. म्हणजे साखर ज्याच्या गोदामात जाते तो मालक नाही, आणि ज्याला मालक म्हणावे त्याच्या घरावरही धड छप्पर नाही!

बाईचे तर आणखी निराळेच. हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि कोयता नवऱ्याच्या नावावर. 'आमचं नाव कुठं आसतंय, भाऊ? मोळी डोक्यावर आमच्या, अन् आंगठा त्यांचा,' असे वडवणीकडची एक बाई मला सहज बोलून गेली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि दुखणे अंगावर काढता काढता डॉक्टर म्हणेल ते खरे मानायचे. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया निव्वळ कामासाठीच झाली असे कोणी म्हणणार नाही. पण पगारी रजा नावाची गोष्ट या बायांच्या आयुष्यात असती, तर हा आकडा एवढा असता का?

या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधायची कशी? गिरणीच्या दारावर सभा घेता येते. इथे दारच नाही. हंगामात टोळ्या दोनशे गावांच्या शिवारांत पांगलेल्या, आणि एकदा उचल घेतलेल्याला बोलायला तोंड राहत नाही. म्हणून ऊसतोडीची चळवळ चालते ती पावसाळ्यात, गावाकडे. तेलगावसारख्या चौकात, बाजाराच्या दिवशी, एखाद्या देवळाच्या पारावर. शस्त्र एकच: दर ठरल्याशिवाय ट्रकमध्ये चढायचे नाही. 'कोयता बंद.' कारखान्याचे बॉयलर पेटले, गव्हाणीत पहिली मोळी पडली आणि फडात माणूस नसला, तर मात्र भल्याभल्यांची झोप उडते. उभा ऊस थांबत नाही. उशीर झाला की वजन घटते, उतारा घटतो.

या लढ्याचा इतिहास बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे या दोन नावांशिवाय सांगता येत नाही. पुढे शरद पवार आणि मुंडे यांच्या लवादाने दर ठरवायचा, अशी रीतच पडली. मुंडे २०१४ मध्ये गेले; त्यांच्या जागी पंकजा मुंडे बसू लागल्या. दुसरीकडे 'सिटू'ची ऊसतोडणी व वाहतूक कामगार संघटना लवादापेक्षा साखर संघाशी थेट करारावर भर देत आली. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक होऊन सरासरी १४ टक्के वाढ मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा 'कोयता बंद'ची हाक आली, आणि जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनाला २७३ रुपये होते, ते ३६६ झाले.

चौतीस टक्के! आकडा ऐकायला भारदस्त आहे. जोडीने दोन टन तोडले तर ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६, बारा-चौदा तासांचे. संघटनांनी हेच मांडले होते, की तोडणी यंत्राला टनामागे माणसापेक्षा जास्त दर का? यंत्र घ्यायला अनुदानही आहे. राज्यात ९०० यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये, अशी योजना २०२३ मध्ये आली. यंत्राला माझा विरोध नाही. फडातले काम कोणी हौसेने करीत नाही. पण यंत्राच्या मालकाचे नाव अनुदानाच्या अर्जावर स्वच्छ लिहिलेले असते, एवढे मात्र नोंदवून ठेवावेसे वाटते.

दर वाढला तरी मालकाचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. संघटनांची जुनी मागणी आहे ती माथाडीच्या धर्तीवर कायदा व्हावा ही. मुंबईच्या गोद्यांतला हमालही एके काळी असाच बेनाम होता. आज या धक्क्यावर, उद्या त्या, टोळीवाल्याच्या मर्जीवर. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातली युक्ती साधी होती. मालक शंभर असोत, मंडळ एक. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची. 'मालक कोण' हा वाद कायद्याने निकालातच काढला. ऊसतोडीला हे का जमू नये, याचे पटेल असे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

कायद्याऐवजी मिळाले ते महामंडळ. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ २०१९ मध्ये जाहीर झाले. कारखान्याने टनामागे दहा रुपये आणि सरकारने तेवढेच घालायचे, अशी तजवीज २०२१ मध्ये झाली. ४१ तालुक्यांत मुला-मुलींची ८२ वसतिगृहे मंजूर झाली. हे चांगलेच झाले, कारण शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर फडाजवळच्या साखरशाळा हळूहळू बंद पडत गेल्या होत्या आणि लेकरे ना गावच्या शाळेत, ना फडावरच्या, अशी मधल्यामध्ये लोंबकळत होती. पण महामंडळाची योजना ही कृपा असते. ती तिजोरीच्या तब्येतीप्रमाणे जाडजूड किंवा रोडावलेली असते. माथाडी हमाल मंडळाकडे मागतो, तो हक्काचा पगार.

या साऱ्यावर दिल्लीहून नव्या कामगार संहिता आल्या. २९ कायदे गुंडाळून केलेल्या या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. देशातल्या बहुतेक केंद्रीय कामगार संघटनांनी त्यांच्याविरुद्ध वारंवार संप केले. ९ जुलै २०२५ चा देशव्यापी संप त्यातलाच. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागणार नाही, संपाआधी चौदा दिवसांची नोटीस, असे मुद्दे शहरात पुष्कळ गाजले. तेलगावच्या चौकातल्या माणसाला त्यातले दोनच मुद्दे नीट समजून घेतले पाहिजेत.

पहिला आकड्याचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, वीस किंवा जास्त माणसे लावणाऱ्या कंत्राटदाराला परवाना घ्यावा लागे. महाराष्ट्राने ही मर्यादा आधीच पन्नासवर नेली होती. संहितेने ती देशभर पन्नास केली. आता एका ट्रकवरची टोळी पाहा: दहा-बारा कोयते, म्हणजे वीस-चोवीस माणसे. जुन्या आकड्यात टोळी बसत होती. नव्या आकड्यात ती बाहेर पडते. जुना कायदा फडात कोणी पाळला नाही, हे खरेच. पण न पाळलेला कायदा हातात धरून भांडता येते. नसलेला कायदा धरून काय करणार?

दुसरा हद्दीचा. संहितेतला 'स्थलांतरित कामगार' हा दुसऱ्या राज्यात जाणारा असावा लागतो. त्याच्यासाठी प्रवासभत्ता वगैरे तरतुदी आहेत. म्हणजे तेलगावहून निघालेली जोडी कागलच्या शिवारात उतरली तर ती स्थलांतरित नाही, आणि वीसेक किलोमीटर पुढे निपाणीला उतरली तर आहे! फड तोच, मोळी तीच, घरापासूनचे अंतर जवळपास तेच.

आणि जायचेच नसेल तर? त्यासाठीच तर ७२च्या दुष्काळातून रोजगार हमी जन्माला आली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला, वि. स. पागे यांची ती कल्पना पुढे देशाने उचलली. त्या केंद्रीय कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा भार दिल्लीवर होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायला सांगितला. ज्या राज्याची तिजोरी तंग, तिथे सव्वाशे दिवस कागदावरच राहतील, अशी भीती संघटनांनी व्यक्त केली आहे. गावात काम नसेल तर मुकादमाची उचल आहेच.

आता एक २०२० मधली गोष्ट सांगतो. मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हजारो टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या आसऱ्याने अडकल्या. जिल्ह्यांच्या सीमा बंद, कोप्यांत धान्य संपलेले, गावाकडे म्हातारी माणसे एकटी. संघटनांनी आरडाओरड केली, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनीही शब्द टाकला, आणि १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना घरी जाऊ देण्याचा आदेश काढला. ३८ कारखान्यांकडचे सुमारे १ लाख ३१ हजार मजूर त्यात होते. प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी, कुटुंबासह यादी आणि गावी पाठवण्याची व्यवस्था – ही जबाबदारी सरकारने कारखान्यावर टाकली. वाहतूकदारावर नाही, मुकादमावर नाही. आणि कारखान्यांनी ती पार पाडली. कोण कोठल्या गावचा, बरोबर बायको कोण, लेकरे किती, हे सगळे कागदावर आले.

राज्यात ऊसतोड मजूर एकूण किती, याबद्दल आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आकडे सांगितले जातात. जानेवारी २०२४ चा दरकरार तीन हंगामांचा होता. त्यानंतरच्या वाटाघाटींसाठी तेलगाव, वडवणी, धारूरच्या बैठकांतून ज्या मागण्या पुढे येतात, त्यात दराच्या बरोबरीने एक मागणी असते: कारखान्याने हंगामाच्या आधी तशीच यादी करावी, आणि तीत बाईचे नाव वेगळ्या ओळीत लिहावे.