एपिसोडचा मजकूर: गवत कापायचं जुनं मशीन दम का खातं?

मशीन समोर ठेवून एकेक स्टेप करायची असेल, तर त्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय.

जून लागला की नाशिकमध्ये गवत भराभर वाढतं. गंगापूर रोडचं लॉन असो की दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबाग, महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडलेलं मशीन बाहेर निघतं. दोरी ओढली की सुरू होतं, पण रेस वर-खाली होते आणि गवतात घातलं की बंद. मग कोणीतरी म्हणतं, "इंजिन गेलं, नवीन घ्या." ज्या माळीदादांचा सीझन याच मशीनवर चालतो, त्यांना हा सल्ला महागात पडतो. बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं, बिघडलेलं असतं ते पेट्रोल.

असं का होतं?

आज पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, म्हणजे नेमकं कार्बोरेटरच्या वाटीत. उरलेलं पेट्रोल उडून चिकट थर राहतो आणि जेटचं भोक तुंबतं. ते भोक एका मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं!

दुसरी गोष्ट. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. नव्या बाइकमध्ये सेन्सर ते सांभाळून घेतो. या मशीनमध्ये सेन्सरच नाही.

कुठून सुरू करायचं?

कोड डीबग करताना पाळतो तोच नियम: एका वेळी एकच बदल, आणि स्वस्तातलं आधी.

१. पात्याजवळ हात घालण्याआधी प्लगची कॅप काढून ठेवा. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन पेटू शकतं. यात बोटं जातात, म्हणून ही स्टेप टाळायची नाही.

२. जुनं पेट्रोल काढा, ताजं भरा. टू-स्ट्रोक असेल तर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच ऑइल मिसळा.

३. प्लग बघा. फिकट तपकिरी म्हणजे छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

४. चोकची टेस्ट. इंजिन गरम झाल्यावर चोक थोडा ओढा. रेस स्थिर झाली, तर पेट्रोल कमी पोचतंय: जेट तुंबलाय किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा. जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं.

५. दहा मिनिटं चालून बंद पडतंय? टाकीचं झाकण सैल करून बघा. लगेच चाललं, तर झाकणातलं हवेचं भोक बंद आहे.

६. लॉन मोव्हरचं पातं दगडावर आपटल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर फ्लायव्हीलची चावी सरकलेली असू शकते. मग स्पार्क चुकीच्या वेळी पडतो. हे मेकॅनिकदादांकडे न्या, पण "दगड लागला होता" हे आवर्जून सांगा.

एवढं करूनही दोरी ओढताना हाताला जोरच लागत नसेल, तर कॉम्प्रेशन गेलंय. खर्चाचा विचार तेव्हा करायचा.

आणि पावसाळा संपला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पुढच्या जूनमध्ये हा एपिसोड परत ऐकायची वेळ येणार नाही!

तुमचं मशीन कितव्या स्टेपला सुरू झालं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.