हिवाळ्यात राणीच्या बागेत

मुलांनो, मुंबईत हिवाळा फार दिवस राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 16 ते 18 अंशांपर्यंत उतरतो. मालेगावचा मुलगा याला थंडी म्हणणारच नाही! पण वर्षभर घामाने भिजणाऱ्या मुंबईकराला हे दिवस मोलाचे वाटतात. हवेतील दमटपणा कमी होतो, पाऊस नसतो, दुपारचे ऊनही सोसवते. बागेत मनसोक्त हिंडायचे, तर ते याच दिवसांत.

येथे एक शब्द जपून वापरा. उर्दूत 'सर्दी' म्हणजे थंडी. मराठीत 'सर्दी' म्हणजे जुकाम, नाक गळणे. "मला सर्दी फार आवडते" असे मराठीत म्हणालात, तर ऐकणारा तुमच्याकडे पाहतच राहील.

मुंबईत भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. नोव्हेंबर 1862 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव होते. पुस्तकी मराठीत बहुधा 'ती बाग' असे लिहितात. पण जुने मुंबईकर उर्दूप्रमाणेच 'तो बाग' मानतात आणि 'राणीचा बाग' म्हणतात. दोन्ही चालते.

मदनपुरा, नागपाडा, माझगाव या वस्त्यांतून तेथे चालत जाता येते. या वस्त्यांत घरे लहान आणि गल्ल्या अरुंद. खेळायला निघालेले मूल रस्त्यावरच येते, आणि रस्त्यावर गाड्या असतात. मुलींना तर तेवढीही जागा मिळत नाही. अशा ठिकाणी सुमारे 50 एकरांची सावली जवळ असणे ही लहान गोष्ट नाही.

2016 मध्ये येथे पेंग्विन आले. तेव्हापासून बहुतेक मुले थेट त्यांच्याकडे धावतात. पेंग्विन जरूर पाहा. पण ते काचेआड, गार केलेल्या खोलीत असतात. खरा हिवाळा बाहेर झाडांवर दिसतो. बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. त्यांतील गोरखचिंच आधी शोधा. हे मूळचे आफ्रिकेतील झाड. त्याचे खोड इतके जाड असते, की चार-पाच मुलांनी हात धरून कडे केले तरी पुरत नाही. हे झाड खोडात पाणी साठवते. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून कोरड्या दिवसांत ते पाने गाळून टाकते. ते वाळले, असे समजू नका. पावसाळ्यात त्याला पुन्हा पालवी फुटते.

उर्वशीचे झाड ब्रह्मदेशातले. त्याची लाल फुले झुंबरासारखी खाली लोंबतात. फांद्यांत पिवळाधमक हळद्या पक्षी दिसला, तर थांबा. मुंबईत तो हिवाळ्याचा पाहुणा आहे. मोठ्याने बोललात तर उडून जाईल.

ही झाडे आज उभी आहेत, याचे श्रेय काही जागरूक नागरिकांनाही आहे. 2007 च्या सुमारास बागेचे रूप पालटून मोठे आधुनिक प्राणिसंग्रहालय करण्याची योजना पुढे आली होती. झाडे जातील या काळजीने लोकांनी विरोध केला. त्यांत काही स्त्रिया आघाडीवर होत्या. त्यांनी येथील झाडांची नोंद केली, अर्ज केले, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. शेवटी योजना बदलावी लागली.

आता जायचे केव्हा? मोठी माणसे म्हणतील, "भल्या पहाटे." माझे मत थोडे वेगळे आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीजवळची हवा गार आणि जड असते. वारा पडलेला असतो. त्यामुळे गाड्यांचा धूर आणि बांधकामांची धूळ वर न जाता खालीच तरंगत राहते. ऊन चढले की हवा तापून वर जाते आणि धुरकट थर विरतो. म्हणून सकाळी नऊ-दहानंतर निघा. ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी तर हे पाळावेच.

सोबत पाण्याची बाटली, डबा आणि एक वही घ्या. झाडांवर नावांच्या पाट्या दिसतील. ती नावे मराठीत उतरवून घ्या आणि घरी उर्दू नावे विचारा. अम्मीला आणि धाकट्या बहिणीलाही बरोबर न्या. मात्र बुधवारी जाऊ नका. त्या दिवशी बाग बंद असते.