प्रेक्षकांचे मन कसे मोजावे?



आजचा विषय वरवर पाहता खेळाचा आहे. पण त्याच्या पोटातला प्रश्न लोकमत ओळखण्याचा आहे. सामना संपतो न संपतो तोच हजारो लोक मोबाइलवर आपले मत लिहून मोकळे होतात. ही मते यंत्राने गोळा करायची, त्यांत गोड किती व कडू किती हे मोजायचे आणि त्यावरून चाहत्यांच्या मनाचा अंदाज बांधायचा, असे एक नवे शास्त्र उदयाला आले आहे. त्याचा उपयोग काय आणि मर्यादा काय, एवढेच मला सांगायचे आहे.

या मोजणीच्या मुख्य रीती दोन. पहिली शब्दांच्या यादीची. ‘शाबास’, ‘उत्तम’ या शब्दांना अधिक गुण द्यायचे, ‘लाज’, ‘भिकार’ यांना उणे, आणि शेवटी बेरीज करायची. दुसरी रीत शिकवणीची. माणसांनी आधी हजारो मजकूर वाचून प्रत्येकावर अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ असा शिक्का मारायचा. त्या उदाहरणांवरून यंत्र पुढचे मजकूर ओळखायला शिकते. मराठीसाठी असे काम पुण्यातील एलथ्रीक्यूब या गटाने केले आणि २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा संच सर्वांसाठी खुला केला. काम मोलाचे आहे. परंतु ती ट्वीटे महाराष्ट्रातील नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली होती. नामवंतांची भाषा शिकलेल्या यंत्राला लालबागच्या पोराची भाषा कळेलच असे नाही. तो मराठी लिहितो ती पुष्कळदा रोमन लिपीत, अर्धी हिंदी मिसळून. आणि एकच शब्द तिघे तीन तऱ्हांनी लिहितात. ‘आपल्या गोलंदाजांनी त्यांची वाट लावली’ हा आनंद. ‘आपल्या गोलंदाजांनी आपली वाट लावली’ हा संताप. शब्द तेच, अर्थ उलटा. आणि ‘वा, काय खेळलात! आता घरी जाऊन झोपा,’ या वाक्यातली ‘वा’ यंत्राने खरी मानली, तर हिशेबाचा निकालच लागला म्हणायचा!

आता आपल्या मुंबईतलेच उदाहरण घेऊ. १५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमल्याचे जाहीर केले. रोहितच्या नेतृत्वाखाली संघाने पाच विजेतेपदे मिळवली होती. हार्दिक गुजरात टायटन्सकडून नुकताच परत आणलेला. समाजमाध्यमांवर संतापाचा पूर आला. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर राजस्थान रॉयल्सविरुद्धचा सामना होता. नाणेफेकीलाच लोकांनी हार्दिकची हुर्यो उडविली. त्या हंगामात १४ पैकी ४ सामने जिंकून संघ तळाला राहिला.

यंत्राला विचारले असते, तर त्याने ‘हार्दिक’ हे नाव आणि त्याच्या शेजारचे कडू शब्द मोजून सांगितले असते की लोकांना हा खेळाडू नको आहे. पण या रागाचे मूळ कोठे होते? एका कर्णधाराला बाजूला करून दुसऱ्याला बसविण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा. त्यात रोहितवरचे प्रेम होते, न विचारल्याचा सल होता. तो सारा राग मैदानात समोर दिसणाऱ्या माणसावर पडला. आम्हां कामगार चळवळीतल्या मंडळींना हे नवे नाही. फतवा काढतो मालक, आणि शिव्या खातो खात्यातला मुकादम! राग किती हे मोजणे सोपे. तो कोणावर आणि कशासाठी हे ओळखणे कठीण. आणि हे ओळखले नाही, तर त्याची किंमत एका माणसाला मोजावी लागते.

पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलै रोजी मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला, आणि वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. मधे गेले ते अवघे ९४ दिवस. तेव्हा एका दिवसाची मोजणी म्हणजे त्या दिवसाचा ताप. त्यावरून प्रकृतीचे निदान करू नये.

दुसरा प्रश्न असा की, लिहितो कोण? १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि लँडन निवडून येणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. मतपत्रिका गेल्या होत्या त्या मुख्यतः टेलिफोन व मोटार बाळगणाऱ्यांकडे, आणि परतही सगळ्यांनी पाठविल्या नव्हत्या. गॅलप यांनी त्याहून फार लहान पण निवडून घेतलेल्या नमुन्यावरून बरोबर अंदाज केला. संख्या मोठी असली म्हणजे ती प्रातिनिधिक होतेच असे नाही.

गेट मीटिंगमध्ये पुढे उभे राहून ओरडणारे दहा जण असतात, आणि मागे डबा हातात धरून गप्प उभे राहणारे दोनशे. संप टिकतो की मोडतो हे त्या दोनशेंवर ठरते. समाजमाध्यमांवरही तसेच. एकच माणूस पन्नास वेळा लिहितो. काही खाती तर यंत्रेच चालवितात. परळ-प्रभादेवीच्या मैदानात कबड्डी पाहून मुकाट्याने घरी जाणारा शौकीन त्या मोजणीत येतच नाही.

म्हणून हे शास्त्र टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. राग केव्हा उसळला, कोणत्या घटनेनंतर ओसरला, हे ते झटकन दाखविते. मात्र ‘इतके टक्के चाहते नाराज’ असे वाचले की चार प्रश्न विचारावेत: मते किती जणांची? कोणत्या भाषेतली? किती दिवसांची? आणि राग नेमका कोणावर? या चारांची उत्तरे नसतील, तर तो आकडा कोणाच्याही नोकरीचा वा मानाचा निवाडा करण्यास पुरेसा धरू नये. खेळाडूही अखेर करारावर राबणारा माणूसच आहे.