खुब्याचे हाड आणि मुंबईचे रक्त

उतारवयात पाय घसरून पडणे ही घरोघरची गोष्ट होय. परंतु त्या पडण्यात खुब्याचे हाड मोडले, म्हणजे प्रश्न केवळ हाडाचा राहत नाही. मोडलेल्या भागातून मांडीच्या मांसात रक्त झिरपते, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि म्हातारे माणूस पांढरेफटक पडत जाते. शस्त्रक्रिया तर शक्यतो एक-दोन दिवसांतच उरकावी लागते.

शिरेतून लोह दिल्यास रक्त चढविण्याची गरज टळेल, अशी आशा पुष्कळांस होती. दुखापतीच्या काळात आतडे लोह नीट शोषून घेत नाही, म्हणून शिरेचा मार्ग सयुक्तिक खरा. पण त्या लोहाचे रक्त होण्यास दिवस, किंबहुना आठवडे लागतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील ‘हायफिट’ चाचणीत लोहाने रक्त चढविण्याचे प्रमाण घटले नाही. ते घटले ट्रानेक्सॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाने. त्यापूर्वी २०११ साली अमेरिका व कॅनडातील २,०१६ रुग्णांवरून असे दिसले होते की, हिमोग्लोबिन १० च्या खाली जाताच रक्त देण्याऐवजी ८ पर्यंत, अथवा लक्षणे दिसेपर्यंत थांबल्याने रुग्णाचे नुकसान होत नाही.

आता सौदी अरेबियातील खमीस मुशैत पाहा. हे गाव सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत राहणाऱ्यांचे हिमोग्लोबिन मुळातच काहीसे अधिक असते. तेव्हा तेथे ८ हा आकडा अधिक मोठी घट दाखवितो. तो वाचताना डॉक्टरांस तारतम्य हवेच.

आणि आपल्यापैकी कोणाचे वृद्ध वडील तेथे नोकरीस असलेल्या मुलाकडे गेले असता पडले तर? मॉरिशसला आलेले आपले मराठी पूर्वज मुंबई बंदरातच जहाजावर चढले. त्याच मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विरळ रक्तगट ओळखला व १९५२ साली तो जगापुढे मांडला. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकास असतो. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ म्हणूनच नोंदले जाते. पण या माणसास ‘ओ’ रक्तही चालत नाही, मुंबई गटाचेच लागते. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींशी त्याचे रक्तजल पडताळले, तरच भेद उघड होतो. हा गट आईबाप दोघांकडून वारशाने येतो. सख्ख्या भावंडात तो असण्याचा संभव बहुधा चारांत एक असल्याने रक्तदात्याचा पहिला शोध घरातच घ्यावयाचा असतो.